आत्याबाईचा मान

लीड्स, १८ मार्च २०२५

आई,

तू फोन उचलेनास म्हणून कागद घेतला. खुशालीच्या ओळी राहू देत, आधी भांडण.

हे लिहून झालं की मी त्याचा फोटो काढून बजरंगला पाठवणार. तो सिरसाळ्याच्या दुकानात छापेल आणि घरी येताना तुझ्या हातात देईल. बजरंग, भावा, हे तुझ्यासाठी नाही. तू वाचणारच, लोकांचे कागद वाचल्याशिवाय तुझं झेरॉक्सचं मशीन चालू होत नाही हे मला ठाऊक आहे. पण निदान दुकानात चहा पिताना मोठ्यानं वाचू नकोस.

आई, परवापासून मी तुला सतरा वेळा फोन केला. बजरंग म्हणतो, तू माझं नाव बघतेस आणि फोन पालथा करून पिठाच्या डब्यावर ठेवतेस. सहा महिने झाले मला इथं शिकायला येऊन. रोज सकाळी 'जेवलीस का' विचारल्याशिवाय तुझं तोंड धुणं पुरं होत नव्हतं. आता जेवणावरूनच तू तोंड फिरवलंस.

शेजारच्या छबुबाईनं तुला फोटो दाखवला म्हणे. भाऊकीच्या ग्रुपवर आलाय तो. मी पाटावर बसलेय, पुढ्यात ताट आहे, आणि वनमालाकाकू वाकून मला तूप वाढतायत. खाली लिहिलंय, 'अखेर भाऊकी एका पंगतीत.'

त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हे मी विसरलेले नाही. या मे महिन्यात चौदा वर्षं होतील. अण्णा होते तोवर त्यांनीही पाळलं. मग मी का गेले? ऐक. काकू सुनेच्या बाळंतपणासाठी इथं आल्या आहेत, हे मला माहीतसुद्धा नव्हतं. अमरसिंहदादा इथल्या एका दवाखान्यात डॉक्टर आहे, माझ्या खोलीपासून बसनं चाळीस मिनिटांवर राहतो. सहा महिन्यांत मी त्या रस्त्यानं कधी गेले नाही. मग गेल्या आठवड्यात फोन आला.

"मी वनमालाकाकू बोलायली. वळखलं का? तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी! अमरला पोरगी झाली. रविवारी बारसं हाय. आमच्या मनिषाचा व्हिसा झाला न्हाई, अन् आत्याबिगर बारसं कसं व्हावं? तू भाऊकीतली हाईस. तू आत्या लागतीस. आत्याबाईचा मान तुझा."

मी 'येते' म्हटलं. का म्हटलं ते नंतर सांगेन. आत्ता एवढंच सांगते की मी तिथं जेवले नाही. ताट पुढ्यात ठेवलं, फोटो काढला, मी उठले. पाण्याची बाटलीही माझीच नेली होती. आता तरी फोन उचल.

वैष्णवी


लीड्स, २२ मार्च

आई,

बजरंगनं सांगितलं, तू फोटो बोटांनी मोठा करून बघितलास आणि म्हणालीस, "पोळी मोडलेली हाय."

बरं. जेवले. चार पुरणपोळ्या खाल्ल्या. आता सगळं सांगते, आणि पहिल्यापासून सांगते. तुला त्यातलं बरंच माहीत आहे, पण ते माझ्या तोंडून तू कधी ऐकलेलं नाहीस. आपल्या घरात ते कुणीच बोलत नाही.

मनिषाताईचं लग्न. मी दहा वर्षांची. तू आणि अण्णा ऊसतोडीहून येऊन महिना झाला होता, आणि जी मोरपंखी साडी तू तोडीला जाताना पत्र्याच्या पेटीत घालून ठेवली होतीस, ती नेसली होतीस. काकूंच्या दारापुढच्या मांडवात बायकांची पंगत बसत होती. कुणीतरी 'बसा, बसा' म्हणालं आणि आपण बसलो. ताटात बुंदी आली, पुऱ्या आल्या, वांग्याची भाजी, वरणभात. तू भात कालवलास. एक घास घेतलास. तेवढ्यात काकू आल्या. त्यांच्यामागं साखर कारखान्याच्या साहेबांच्या बायका होत्या, त्यांना जागा हवी होती.

"विमल, ऊठ. टोळीतल्या बायांची पंगत मागून हाय. ही पाव्हण्यांची हाय."

तू टोळीतली बाई. सख्ख्या चुलत दिराची बायको नाहीस, जाऊ नाहीस, टोळीतली बाई. पंगतीत बसलेल्या माणसाला वैरीसुद्धा उठवत नाही गं. हात खरकटा असताना तर नाहीच. तू उठलीस. हातावर पाणी घालायला कुणी आलं नाही. तू उजवा हात साडीपासून लांब धरून मांडवातून बाहेर पडलीस आणि तशीच घरापर्यंत चालत गेलीस. वरणभात हातावर वाळला होता.

म्हणून मी 'येते' म्हटलं, आई. मला चौदा वर्षं त्या घरात शिरायचं होतं. कशासाठी ते ठरलेलं नव्हतं. आणि काकूंनी स्वतःच्या हातानं मला आत्या केलं.

स्वयंपाकघरात काकू मला म्हणाल्या, "गुरुजीनं व अक्षर काढलंय. वैदेही नाव ठिवायचं. घोळ घालू नको." मोहिनीवहिनी म्हणजे दादाची बायको, नाशिकची आहे. भाऊकीतलं तिला काही ठाऊक नाही. तिनं दुकानातून आणलेला पाळणा प्लास्टिकच्या झेंडूंनी सजवला होता. दहाबारा बायका होत्या, पुण्याच्या, नागपूरच्या, एक कानडी नर्स. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' झालं. दोन बायकांना पाळणा म्हणता येत होता, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मी पाळण्यावर वाकले. पाठीवर रीतीप्रमाणे बुक्क्या पडायला लागल्या.

मी बाळाच्या कानात सांगितलं, विमल.

मग ताठ उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "विमल!"

टाळ्या झाल्या. वहिनी म्हणाली, "किती गोड! छोटंसं आहे, इथल्या लोकांनाही म्हणता येईल." काकूंच्या हातात घुगऱ्यांचं पातेलं होतं. ते तसंच हातात राहिलं. चेहरा बघायला हवा होतास तू. मला म्हणाल्या, "ह्ये काय? गुटख्याच्या पुडीचं नाव ठिवलंस पोरीला?" सगळ्या हसल्या. नागपूरच्या एक बाई म्हणाल्या, "आता काही नाही व्हायचं, आत्यानं कानात सांगितलं ते सांगितलं." मी काकूंकडे बघत होते आणि काकू माझ्याकडे. त्या खोलीत ते नाव कशासाठी आलं हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. दादाला ते आठवत असेल असं मला वाटत नाही.

मला आनंद झाला, आई. लाज वाटावी इतका झाला. तुला पंगतीतून उठवणाऱ्या बाईला आता मरेपर्यंत तुझं नाव लाडानं घ्यावं लागणार. विमल दूध पिली का. विमल झोपली का. विमल, माझी बाय.

मग जेवणं. पहिलं ताट आत्याचं. पाहुण्या बघत होत्या, काकूंचा भाचा फोटो काढत होता, म्हणून काकूंना स्वतःच्या हातानं मला वाढावं लागलं. पोळी, तूप, कुरडई आणि येसराची आमटी. येसराचा मसाला त्यांनी गावाहून आणलेला होता. सहा महिने मी इथं ब्रेड आणि डाळभात खातेय. तो वास आला आणि मी जेवले. कुणी आग्रह केला नव्हता, मीच वाटी पुढं केली.

आता तुला वाईट वाटलं की बरं, ते सांगायला तरी फोन कर.

वैष्णवी


लीड्स, ३० मार्च, पाडवा

आई,

तू अजून गप्पच. इकडं मात्र सगळे बोलायला लागलेत.

आज दादा माझ्या खोलीवर आला. श्रीखंडाचा डबा घेऊन आला होता. मी तो घेतला आणि न उघडता शेजारच्या मुलींना देऊन टाकला, तेवढं तरी तुझ्या मनासारखं झालं. दादा बूट न काढताच बसला. मग म्हणाला, "वैष्णवी, नाव बदल गं."

इथं मूल जन्मलं की बेचाळीस दिवसांत सरकारी कचेरीत नाव नोंदवावं लागतं. सोळा एप्रिलला बेचाळीस होतात. काकूंना वैदेही लावायचंय. वहिनी ऐकत नाही. ती म्हणते, आत्यानं कानात सांगितलेलं नाव मी बदलणार नाही, अपशकुन होतो. नाशिकची शिकलेली बाई, औषधाच्या कंपनीत साहेब आहे, पण बारशाच्या बाबतीत आपल्या छबुबाईच्या वरताण. काकूंनी तिला खरं कारण सांगितलं नाही. कसं सांगतील? आणि काकू त्या पोरीला नावानं हाक मारत नाहीत. "ए बाळे" म्हणतात. दादानं हे सांगितलं तेव्हा मी हसले, त्याला आवडलं नाही.

मी विचारलं, "काकूंना नाव का नको, ते त्या तुला बोलल्या का?"

तो म्हणाला, "आई म्हणते, 'विमलचं नि माझं कवाच भांडण न्हाई. मी तिला कधी उठवलं? लग्नाच्या गडबडीत कोण कुठं बसलं ते कुणाच्या ध्यानात राहतं.'"

वाच हे पुन्हा. त्यांच्या ध्यानातच नाही. तू चौदा वर्षं त्या दाराकडं मान वळवली नाहीस, आणि त्यांना ते आठवतही नाही. मी इतकी चिडले की दादाला 'जा' म्हणणार होते. पण तो एक सांगून गेला, आणि त्यासाठी हे पत्र आहे.

मी वहिनीला फोन करून म्हणायचं की माझ्याकडून घाईत चुकीचं नाव गेलं, वैदेहीच म्हणायचं होतं. त्या बदल्यात काकू भाऊकीच्या ग्रुपवर स्वतःचा व्हिडिओ टाकतील, 'विमल, त्या दिवशी माझं चुकलं' असं म्हणतील. आणि अकरा मेला त्यांच्या पुतण्याच्या लग्नात तुला पहिल्या पंगतीत, पाटावर बसवून स्वतः वाढतील.

म्हणजे एकतर नाव किंवा माफी. दोन्ही नाही.

माझं विचारशील तर मी नाव सोडणार नाही. माफी एकदा मागितली की झाली, नाव रोज घ्यावं लागतं. पण अपमान तुझा झाला होता. तेव्हा तू सांग. एका शब्दात सांग. बजरंगला नुसतं 'नाव' म्हण किंवा 'माफी' म्हण, तो मला कळवेल.

पाडव्याला गुढीला कडुलिंब कुठून आणलास? आपला तर गेल्या वर्षी वाऱ्यानं पडला.

वैष्णवी


लीड्स, ७ एप्रिल

आई,

नऊ दिवस उरले. बजरंग म्हणतो, तू तिन्ही पत्रं वाचलीस. ओठ हलवत, चष्मा लावून, दोनदा. आणि गादीखाली ठेवलीस. म्हणजे तुला सगळं कळलंय आणि तरी तू बोलत नाहीस. माझ्या सुडाचं हे काय फळ, की ज्यांच्यावर उगवला ते रोज फोन करतात आणि जिच्यासाठी उगवला ती फोन पालथा घालते?

मला तुझा राग आलाय. पेन दाबून लिहितेय, म्हणून अक्षर असं आलंय, बजरंगच्या मशीनचा दोष नाही.

पण मी दुसऱ्या पत्रात एक गोष्ट गाळली होती. बहुतेक तुझ्या ती ध्यानात आली असेल. मी लिहिलं, तू उठलीस, तू बाहेर पडलीस, तू चालत गेलीस. मी कुठं होते?

मी बसून राहिले, आई. मी तुझ्या उजवीकडे होते. मला कुणी उठवलं नाही, लहान मूल कडेला कितीशी जागा घेतं. तू उठताना माझ्याकडं बघितलंस. मी मान खाली घातली आणि बुंदी खाल्ली. बुंदीचं पातेलं परत फिरलं तेव्हा आणखी मागितली. तुझ्या जागेवर कारखान्यातल्या बाई बसल्या, त्यांच्या साडीला वास येत होता अत्तराचा, आणि मी त्यांच्या शेजारी बसून पोटभर जेवले. घरी आले तेव्हा तू दारातल्या दगडावर बसली होतीस. तू विचारलंस, "जेवलीस का?" मी म्हटलं, "हो."

तेव्हापासून मला वाटतं, तू त्या घरचं पाणी सोडलंस, पण तुझा खरा राग माझ्यावर आहे. काकू परक्या होत्या. मी तुझी होते. आणि बारशाला पुन्हा तेच झालं. तेच घर, तसंच ताट, मी जेवले आणि तू बाहेर.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुलाच सांगायचं होतं आणि तुलाच सांगता येत नव्हतं. आता तू काय म्हणायचं ते म्हण. शिव्या दे. पण काहीतरी म्हण.

वैष्णवी


(आईचं पत्र. रेघांच्या वहीचा कागद, बजरंगनं फोटो काढून पाठवलेला.)

११ एप्रिल

वैष्णवी,

तुझी चार पत्रं पोचली. मला वाचाया येतं, लिवाया वेळ लागतो. दोन दिवस झाले ह्ये लिवायले.

त्या दिवशी मीच तुला डोळ्यानं म्हणले व्हते, बस, जेव. तुला वाटलं मी नुसतं बघितलं. सकाळधरनं तुझ्या पोटात अर्धी भाकर व्हती. लेकरानं भरल्या ताटावरनं कावून उठावं? ते डोक्यातनं काढून टाक. मला त्याचा राग कवा आला न्हाई अन् येणार बी न्हाई.

राग दुसऱ्याचा हाय.

तुला वाटतं मी चौदा वर्सं गप बसले. मी गप बसले न्हाई. त्यांच्या घरी सात लग्नं झाली, दोन बारशी झाली, म्हातारीचं तेरवं झालं. दर बारीला माणूस बोलवायला येतो. मी कुकू लावून घेते, पत्रिका घेते अन् जात न्हाई. मग पंगतीत कुणीतरी इचारतं, विमल कावून आली न्हाई? अन् कुणीतरी सांगतं. दर लग्नात सांगतं. नव्या सुना येतात त्यान्ला बी सांगतात. वनमालाला वाढता वाढता ऐकावं लागतं. ह्ये मी केलंय, एक सबूद तोंडातनं न काढता. माझ्यापाशी तेवढंच व्हतं.

तुझ्या एका फोटूनं ते गेलं. वनमालाचा दीर सुंदरराव आता झेडपीला उभा ऱ्हायला निघालाय. तो तुझा फोटू दारोदार दावायला लागलाय. म्हणतो, विमलची पोरगी आमच्या पंगतीत जेवली, भाऊकी एक झाली. परवा गिरणीत मनकर्णा मला म्हणली, बरं झालं बाई, मिटलं एकदाचं. मी दळण तिथंच टाकून घरी आले.

वनमालाला याद न्हाई म्हणती? याद हाय म्हणून तर तुला बोलवलं. आत्या म्हणून कुणीबी उभं ऱ्हातं, शेजारीण बी चालती. तिला तू जेवायला पायजे व्हतीस. अन् फोटू पायजे व्हता. तू तिच्यावर डाव टाकाया गेलीस, तिनं तुझ्यावर टाकला. तू शिकलीस लई, पण ह्ये तुला कळलं न्हाई.

मला माफी नको. माफी घेतली का त्ये मोकळे झाले. मला त्यान्ला मोकळं करायचं न्हाई.

अन् नाव. त्ये माझं नाव हाय. तिनं मला उठवलं तवा इचारलं न्हाई, तू त्ये तिथं ठिवलं तवा इचारलं न्हाई.

परीक्षा नीट दे. कडुलिंब रामेश्वरच्या बांधावरनं आणला.

आई


लीड्स, १५ एप्रिल

आई,

तुझं पत्र मी आतापर्यंत किती वेळा वाचलं ते सांगत नाही, बजरंग हसेल.

मूर्ख होते मी. काकू वाढत होत्या आणि समोर त्यांचाच भाचा फोन धरून उभा होता, तेव्हा मला वाटलं मान मिळतोय. मी विमल म्हणाले म्हणून त्यांचा चेहरा पडला, हे खरं. पण फोटो त्यांना जो हवा होता तो मिळाला होता. नाव हा त्यांना बसलेला वरचा दंड, बाकी सौदा त्यांच्याच बाजूनं झाला. आणि तुझं चौदा वर्षांचं काम मी चार पोळ्यांत घालवलं.

म्हणून आज दुपारी गेले. आधी कळवलं नव्हतं. दारातूनच येसराचा वास आला. टेबलावर ताटं मांडलेली होती, दादाची सुट्टी होती, वहिनी बाळाला घेऊन बसली होती. काकू म्हणाल्या, "ये आत्याबाई, बस, जेवून घे." मी म्हटलं, "मी बसायला आले नाही."

आणि उभ्यानं वहिनीला सांगितलं. सगळं. लग्न, पंगत, काकूंचं वाक्य, तुझा हात. विमल कुणाचं नाव आहे ते. मी ते कानात कशासाठी सांगितलं तेही सांगितलं, लपवलं नाही. बाळाच्या कानात मी आशीर्वाद नाही, राग सांगितला, हे बोलताना माझं तोंड कोरडं पडलं, पण पाणी मागितलं नाही.

काकू म्हणाल्या, "असं काय झालंच न्हाई. पोरीचं डोकं फिरलंय. मोहिनी, तू हिचं ऐकू नको, ह्ये टोळीचं पाणी हाय, ह्यांच्या मनात असंच असतं."

वहिनीनं दादाकडं बघितलं.

दादा उठला. खिडकीशी गेला, परत आला. मग म्हणाला, "झालं होतं." काकू म्हणाल्या, "अमर!" तो थांबला नाही. "मी त्या पंगतीत वाढत होतो. विमलकाकूंच्या ताटात बुंदी मीच वाढली होती. त्या उठल्या तेव्हा त्यांचा हात खरकटा होता. पाण्याचा तांब्या माझ्या पायाशी होता. मी वीस वर्षांचा होतो, लहान नव्हतो. मी तो उचलला नाही."

आई, चौदा वर्षांत त्या घरातल्या माणसाच्या तोंडून हे पहिल्यांदा निघालं. काकू खुर्ची सरकवून उठल्या. मग त्या म्हणाल्या, "आईला उघडं पाडतोस? सुनेपुढं?" आणि रडायला लागल्या. खरं रडत होत्या. मला दया आली नाही. यायला हवी होती असं तुला वाटेल की नाही, मला माहीत नाही. नाही आली.

मी दादाला म्हटलं, "इथं बोललास ते इथंच राहील. फोटो गावभर फिरतोय." तो काय ते समजला. म्हणाला, "निवडणुकीच्या आधी काका मला जिवंत ठेवतील का?" मी म्हटलं, "ते तुझं तू बघ." आणि मी दारात उभी राहिले. त्यानं ग्रुप उघडला, लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. पंचवीस मिनिटं लागली. त्या फोटोखाली आता हे आहे, बजरंगला दाखवायला सांग: 'या फोटोतली मुलगी आमच्या घरी जेवली. तिच्या आईला, विमलकाकूंना, मनिषाच्या लग्नात जेवत्या पंगतीतून माझ्या आईनं उठवलं. मी तिथं होतो. विमलकाकू जेवलेल्या नाहीत. मिटलेलं नाही. अमरसिंह.'

मी निघेपर्यंत सुंदररावकाकांचे नऊ फोन येऊन गेले होते. दादानं एकही घेतला नाही. उद्या तू गिरणीत जाशील तेव्हा मनकर्णाला काय म्हणायचं ते म्हण.

राहिलं नाव. मी वहिनीला तुझ्या पत्रातली ती ओळ वाचून दाखवली, तिनं विचारलं नाही, तू विचारलं नाहीस. वहिनीनं बाळाचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, "त्यांना विचारल्याशिवाय मी हे नाव लावणार नाही. आणि विचारल्याशिवाय काढणारही नाही." काकू म्हणाल्या, "तिला काय इचारायचं?" वहिनी म्हणाली, "तुम्ही विचारायचं नाही, मी विचारते. पण तुम्ही शेजारी बसायचं."

तेव्हा ऐक. उद्या सोळा तारीख, शेवटचा दिवस. कचेरीत अकराची वेळ मिळालीय, म्हणजे तुमचे दुपारचे साडेतीन. त्याच्या दोन तास आधी, दीडच्या सुमाराला, मोहिनीवहिनी तुला फोन करेल. हो म्हणालीस तर विमल, नाही म्हणालीस तर वैदेही. तू जे म्हणशील ते. मी यात नाही, मी आधीच नको तितकी होते. काकू, दादा, वहिनी सगळे तुझ्या एका शब्दासाठी फोनपाशी बसून असतील.

दीड म्हणजे तुझी जेवायची वेळ. तू आधी निवांत जेवून घे.

वैष्णवी